एबेरच्या तुंब्याचा फेस

एबेर तेचेराच्या सासूबाई हवापालटासाठी म्हणून आल्या, त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता. हवा पालटली, गावचा पाद्री पालटला, सासूबाई मात्र होत्या तिथंच होत्या. त्यांना रात्री एकटीला झोपायची भीती वाटायची, म्हणून एबेरची बायको सुल्मा त्यांच्या सोबतीला आतल्या खोलीत झोपे आणि एबेर जेवणघरातल्या सोफ्यावर. सोफ्याची एक स्प्रिंग नेमकी त्याच्या बरगडीखाली येई. शिवाय सासूबाईंना झोप लागावी म्हणून रेडिओ रात्रभर चालू ठेवावा लागे. सासूबाईंना झोप लागे. एबेर पहाटेपर्यंत फुटबॉलवरच्या चर्चा ऐकत पडून राही.

ओफेलियाबाई, म्हणजे या सासूबाई, खाष्ट असत्या तर काही प्रश्नच नव्हता. खाष्ट सासूशी भांडता येतं. या बाई प्रेमळ होत्या आणि प्रेमळ माणसाचं काय करायचं हे अजून कुणाला कळलेलं नाही. घर जागं व्हायच्या आत त्या उठत आणि कुणी न सांगितलेली कामं करून ठेवत. एबेरच्या मोज्यांना इस्त्री करत. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात म्हणून त्यांत तळणीचं तेल ओतत. त्यांना काही बोलायची सोय नव्हती. मागं एकदा सुल्मा नुसतं म्हणाली होती, "आई, सूपात मीठ जरा जास्त झालंय गं." झालं! बाईंनी बॅग भरली आणि बसस्टँडवर जाऊन बसल्या. बसमध्ये चढल्या नाहीत, नुसत्या बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "लेकीनं घालवलं हो मला." सान्ता लुसिला केवढंसं गाव! संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावानं त्यांचं सांत्वन केलं आणि उरलेल्या अर्ध्यानं एबेरला रस्त्यात अडवून चार शब्द सुनावले. तेव्हापासून घरात सूप कसंही असलं तरी छानच होत असे.

तर जुलैमधल्या, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या सकाळी एबेर सोफ्यावरून उठला, बरगडी चोळत स्वयंपाकघरात गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. त्याचा माते, म्हणजे आमचा रोजचा कडू पाल्याचा चहा, प्यायचा तुंबा खुंटीवर नव्हता. तो बशांच्या शेजारी उपडा घातलेला होता आणि चकाकत होता.

"हा... हा कुणी धुतला?"

"मी, बाळा!" सासूबाई ओले हात पुसत पुढं आल्या. "शी शी शी! काय बरबट साचली होती आत. काळीकुट्ट! रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घातला, मग तारेच्या घासणीनं खसखसून घासला, तेव्हा कुठं खरा रंग दिसला. आता हुंगून बघ. कसा लिंबासारखा वास येतोय!"

आता हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की तुंब्याला साबण लावायचा नसतो. वाळल्या भोपळ्याचं भांडं ते. जे लावाल ते पिऊन बसतं. पाला काढून टाकायचा, साध्या पाण्यानं विसळायचं आणि वाळत घालायचं. वर्षानुवर्षं आत जो काळा थर चढतो तीच त्या तुंब्याची कमाई. हा तुंबा तर एबेरच्या वडिलांचा. त्यांनी आयुष्यभर त्यात माते प्यायलं, मग एबेरनं. पण सासूबाईंचे यजमान, देव त्यांना शांती देवो, इनॅमलच्या मगातून प्यायचे आणि सासूबाईंनी तो मग रोज साबणानं घासला होता. त्यांच्या मते माणूस त्यामुळंच नव्वदी गाठू शकला.

एबेरला खरोखर रडू आलं. त्यानं तुंबा उचलून नाकाशी धरला. वडील कुठंच नव्हते, नुसतं लिंबू होतं. मागून सुल्मानं त्याच्या दंडाला चिमटा काढला. सासूबाई कौतुकाची वाट बघत समोर उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं, दाराच्या कोपऱ्यात, ती बॅग दिसत होती.

"छान केलंत," एबेर म्हणाला. "मला सुचलंच नव्हतं."

घरी बसून प्यायची वासनाच राहिली नाही. आपल्या लोकांप्रमाणं त्यानं थर्मास काखेत मारला, तुंबा कोटाच्या खिशात कोंबला आणि कचेरीची वाट धरली.

एबेर गुरांच्या खूण-नोंदणी कचेरीत खिडकीवर बसे. कुणाच्या गाईच्या पुठ्ठ्यावर कुठली खूण डागायची, याची नोंद तिथं होते. ऐकायला साधं वाटतं. पण एकाची खूण म्हणजे वर्तुळात काठी आणि शेजाऱ्याची खूण म्हणजे काठीभोवती वर्तुळ, असं असलं की दोघंही खिडकीशी येत आणि सगळा राग एबेरवर काढत. गाय यांची, कुंपण यांचं, चूक यांची आणि शिव्या एबेरला. इतकी वर्षं हे चाललं होतं. त्याला आता फक्त एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे दफ्तरखाना.

दफ्तरखाना म्हणजे तळमजल्यावरची मागची खोली. जुन्या खुणांची चित्रं तिथं कपाटात ठेवलेली असत. एक शेगडी, एक आरामखुर्ची आणि खिडकीबाहेर संत्र्याचं झाड. तिथं महिनोन् महिने कुणी फिरकत नसे. म्हातारा ओलेगारिओ तिथं बसून बसून इतका टवटवीत झाला होता की निवृत्तीच्या वयाचा वाटेना. पण महिनाअखेर तो निवृत्त व्हायचा होता आणि त्याच्या जागी कोण हे साहेबीण बाई इवोन ठरवणार होत्या. एबेरनं दबकत दबकत शब्द टाकला होता. दुसऱ्या कुणाला ती जागा हवी असल्याचं कानावर नव्हतं. एबेरला रात्री सोफ्यावर स्वप्नं पडत ती त्या आरामखुर्चीची.

कचेरीत पाऊल टाकलं तर सुतकी शांतता. विल्मार बेन्तोस हातात दोन तुकडे घेऊन उभा होता. थंडीत एकदम गरम पाणी ओतलं आणि त्याचा तुंबा टचकन उभा चिरला होता.

विल्मार हा कचेरीचा वाढपी. माते एकानं भरायचं, बाकीच्यांनी पाळीपाळीनं प्यायचं. भरणारा एकच, तो मधेच बदलायचा नाही, ही आमची रीत. विल्मारची खुर्ची इवोनबाईंच्या टेबलाला अगदी चिकटून होती. सकाळपासून दुपारपर्यंत तो भरून देई, बाई पीत आणि बोलत. बाईंना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आणि माते न मिळालेल्या बाईंना तर कुणीच पाहिलं नव्हतं.

"एबेर!" बाई आतून कडाडल्या. "तुझ्या खिशातून काय डोकावतंय?"

"माझा तुंबा, बाई. पण तो नको. तो नुकताच... म्हणजे... धुतलाय."

"मग आणखी काय हवं? बस इथं आणि भर!"

"अहो, पण मला जमत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, माझ्या मातेपेक्षा डबक्यातलं पाणी बरं म्हणून."

"डबकं तर डबकं! माझं डोकं ठणकायला लागलंय."

एबेर बसला. पाला भरला, तिरका केला, ओढून प्यायची नळी खोचली आणि कडेनं हळूच गरम पाणी सोडलं. पहिलं माते वाढप्यानं स्वतः प्यायचं असतं, कारण ते सगळ्यांत कडू. एबेरनं एक घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातली मोरी उभी राहिली. जिभेवरून साबण घसरत घशात गेला. थुंकावं तर समोर बाई. त्यानं डोळे मिटून गिळलं. 'आता दुसरं पाणी घालू आणि काहीतरी निमित्त काढून सांडून टाकू,' असं त्यानं ठरवलं. त्यानं पाणी घातलं मात्र, आणि तुंब्यात फेस वर आला. पांढरा, दाट, काठोकाठ. वर आला तो आला, खाली बसायचं नावच घेईना.

"अगं बाई!" इवोनबाईंच्या तोंडून निघालं. "फेस बघा, फेस!"

सगळी कचेरी भोवती गोळा झाली. आमच्याकडं मुलीला स्थळ बघताना मुलगा काय कमावतो हे विचारत नसतील, पण त्याच्या मातेला फेस येतो का हे नजरेनं बघून घेतात. फेस आला म्हणजे पाणी बेताचं, हात हलका आणि माणूस धीराचा. एबेरच्या मातेला आयुष्यात कधी फेस आला नव्हता. एबेरनं सावरायच्या आत बाईंनी त्याच्या हातातून तुंबा घेतला आणि नळी तोंडात धरली.

एबेरला वाटलं, झालं, दफ्तरखाना गेला. दफ्तरखानाच काय, खिडकीही गेली. बाईंनी घोट घेतला. भुवया वर गेल्या. जरा वेळ वरच राहिल्या.

"यात काय घातलंयस तू?"

"काही नाही, बाई."

"लपवू नकोस. लिंबाच्या वासाचा पाला आहे ना? माझी आजी घालायची तो? तोच तो. जरा उग्र आहे, पण... पण बघ ना काय फेस आहे!"

त्यांनी तुंबा रिकामा केला. मग विल्मारची पाळी आली. विल्मार म्हणजे जाणकार. एबेरनं त्याच्याकडं गयावया करणाऱ्या नजरेनं पाहिलं. विल्मारनं पहिला घोट घेतला, तोंडातल्या तोंडात घोळवला, डोळे मिटले, उघडले आणि एबेरकडं टक लावून बघत राहिला. मग त्यानं एका दमात सगळं संपवलं आणि तुंबा परत देत बाईंना म्हणाला, "बाई, इतकी वर्षं मी तुम्हाला गढूळ पाणी पाजलं. मला माफ करा. वाढपी म्हणावं तर याला."

असं म्हणून त्यानं स्वतःची, बाईंच्या टेबलाशेजारची खुर्ची उचलून एबेरच्या मागं ठेवली. एबेरला गहिवरून आलं. इतका मोठ्या मनाचा माणूस त्यानं पाहिला नव्हता.

शेवटी टंकलेखिका निबिया. तिनं घोट घेतला, तिचं तोंड वाकडं झालं आणि ती काही बोलणार, तेवढ्यात विल्मारनं विचारलं, "काय निबिया? आहे की नाही?"

निबियानं बाईंकडं पाहिलं. बाई फेसाकडं बघत होत्या. आता बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवता येतात, पाद्र्याच्या प्रवचनाला ठेवता येतात, पण भरून देणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या मातेला नावं ठेवायची नसतात.

"मस्तच," ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

त्या दिवशी संध्याकाळी एबेरनं सुल्माला सगळं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण त्या घरात भिंतीलाच काय, रेडिओलाही सासूबाईंचे कान होते.

"फेस आला? सगळ्यांनी वाखाणलं?" सासूबाई आतून धावत आल्या. "बघ! मी म्हणत नव्हते? घाणीनं दम कोंडला होता बिचाऱ्याचा. आता मी रोज धुवून देत जाईन, बाळा. तू अगदी काळजी करू नकोस."

"रोज कशाला? तुम्हाला त्रास..."

"त्रास कसला मेला! जावयासाठी एवढंही करू नये मी?" त्यांचे डोळे भरून आले आणि सुल्मानं पुन्हा चिमटा काढला.

"हे बघ, तू सांग तिला," नंतर एबेर सुल्माला म्हणाला.

"मी? मीठ मी सांगितलं होतं. साबण तू सांग."

साबण कुणीच सांगितला नाही. एबेरनं एकदा तुंबा गमबुटात लपवून पाहिला. सकाळी तो चकचकीत होऊन टेबलावर हजर. "बुटात पडला होता रे," सासूबाई म्हणाल्या. बूटही धुतलेले होते आणि आतून ओले होते. एबेरनं दिवसभर ते तसेच घातले आणि सर्दीची भर पडली.

कचेरीत तर आगीतून फुफाट्यात अशी गत झाली. वाढपी म्हणजे मान, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. सकाळी गेल्यापासून एबेर बाईंच्या टेबलाशी. एक तुंबा भरून बाईंना, एक विल्मारला, एक निबियाला, पुन्हा बाईंना. मधे स्वतःची पाळी चुकवायची. थर्मास संपला की पाणी तापवायचं, ते उकळू द्यायचं नाही, गारही होऊ द्यायचं नाही. आणि या सगळ्यात बाई बोलत असत. त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन, बहिणीच्या नवऱ्याचा स्वभाव, त्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा स्वभाव. तिकडं खिडकीवर गुराखी ओरडत.

"अरे कुणी आहे का जिवंत?"

"बाई, खिडकीवर लोक खोळंबलेत," एबेर काकुळतीला येऊन म्हणे.

"खोळंबू देत. गाय काही पळून जात नाही. हं, तर काय सांगत होते मी..."

खिडकीचं काम मग संध्याकाळी दिवे लावून करावं लागे. तोंडाला फेस यायची पाळी आता एबेरची होती. त्यात कचेरीला संडास एकच, आणि त्याच्यासमोर हल्ली रांग लागू लागली होती. बाईंना त्यातही गुण दिसला. "पाल्यानं कोठा साफ होतोय," त्या सगळ्यांना सांगत. "कांती बघा माझी." निबिया दिवसेंदिवस वाळत चालली होती, पण बोलत नव्हती. विल्मार मात्र रोज न चुकता स्तुती करत होता. "आज तर कालच्यावर कडी केलीस, एबेर!" आणि मग डोळे मिटून तो गटागट पिऊन टाकी.

अखेर एबेरनं धीर केला. "बाई, ते दफ्तरखान्याचं..."

"हो, हो, आहे लक्षात. शुक्रवारी मोन्तेविदेओहून अर्रार्ते साहेब येतायत तपासणीला. ते एकदा खूश होऊन जाऊ देत, मग मी सही करून मोकळी. सगळं तुझ्या हातात आहे बघ."

एबेर घरी जाताना विचार करत राहिला. सरळ मार्ग समोर होता. नवा तुंबा घ्यावा, नीट तयार करावा, प्रामाणिक डबकं साहेबांपुढं ठेवावं. पण डबकं पिऊन कुठला साहेब खूश होणार? आणि आरामखुर्ची तर डोळ्यांसमोरून हलेना. दमलेला माणूस फार लांबचा विचार करत नाही. गुरुवारी रात्री त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन तुंबा सासूबाईंच्या हातात दिला.

"उद्या मोठे साहेब यायचेत. जरा... नीट धुवा."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या महिन्यांत जावयानं काही मागितलं नव्हतं. त्यांनी हिरवी बाटली उघडली, तुंबा काठापर्यंत भरला आणि वर बशी झाकून रात्रभर मुरत ठेवला.

शुक्रवारी अर्रार्ते साहेब आले. उंच, ताठ, जाड चष्म्याचे, शहरी. डोंगरातल्या कचेऱ्यांत लोक आपल्याला अडाणी समजतील, या धास्तीनं ते सगळ्यालाच मान डोलावत होते. त्यांना बाईंच्या शेजारी बसवलं. बिस्कोचोंची, म्हणजे आमच्या खुसखुशीत पावांची, परडी पुढं ठेवली. एबेरनं पहिलं माते स्वतः घेतलं, कारण रीत ती रीत. त्याच्या पोटातून एक कळ निघाली ती टाळूपर्यंत गेली. मग त्यानं साहेबांसाठी पाणी घातलं.

फेस आला. काठापर्यंत आला, काठावरून उतरला, एबेरच्या बोटांवरून टेबलावर आला आणि तपासणीच्या फायलीच्या दिशेनं निघाला. निबियानं फाईल उचलून घेतली.

"वा," साहेब म्हणाले आणि त्यांनी जोरात ओढलं. ओढलं आणि ठसका लागला. नळी तोंडातच होती, त्यामुळं ठसका नळीतून खाली गेला. तुंब्यानं एकदा गुडगुड केली आणि त्यातून एक फुगा बाहेर आला. चांगला संत्र्याएवढा, सात रंगांचा. तो सावकाश टेबलावरून तरंगत गेला. बाईंची मान त्याच्याबरोबर फिरली. निबियाची फिरली. फुगा भिंतीवरच्या राष्ट्रपुरुषाच्या तसबिरीपर्यंत जाऊन परतला, साहेबांच्या चष्म्यावर बसला आणि फुटला.

खिडकीवरचा गुराखीसुद्धा ओरडायचा थांबला होता. एबेरनं मनातल्या मनात आरामखुर्चीला रामराम केला.

"आमचं डोंगरातलं पाणी, साहेब," विल्मार शांतपणे म्हणाला. "जिवंत पाणी असतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी बाईंकडं पाहिलं, विल्मारकडं पाहिलं. सगळ्यांचे चेहरे गंभीर होते.

"हो, हो," साहेब म्हणाले. "ऐकून होतो मी. आमच्याकडं शहरात हे मिळायचं नाही." आणि त्यांनी तुंबा पुढं केला. "आणखी एक भरा."

साहेब उत्तम शेरा देऊन गेले. जाताना जरा घाईत होते आणि बस वाटेत दोनदा थांबवावी लागली असं नंतर कळलं, पण शेरा उत्तम होता. दुपारी बाईंनी एबेरला बोलावलं. एबेरनं केस सारखे केले, कोटाची बटणं लावली आणि आत गेला. सोफा, स्प्रिंग, रेडिओ, गुराखी, सगळं त्या क्षणी त्यानं माफ करून टाकलं होतं.

"एबेर, दफ्तरखान्याचं ठरलं. विल्मारला पाठवतेय."

एबेरला वाटलं आपल्या कानातही साबण गेला. "विल्मारला? पण बाई, मी... मी मागितली होती ना ती जागा!"

"अरे वेड्या, तुझ्यासारखा हात मी त्या धुळीत सडवू? साहेब काय म्हणाले ऐकलंस ना? तू आता इथंच, माझ्या शेजारी. मी आहे तोवर तुला कुणी हलवणार नाही."

एबेरला एकदम वाटलं, जाऊ दे, आता काय राहिलंय. "बाई, खरं सांगू? तो फेस साबणाचा आहे. माझी सासू रोज भांडी घासायच्या साबणानं तुंबा धुते. इतके दिवस मी तुम्हाला साबण पाजतोय."

बाई खो खो हसल्या. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"विल्मार म्हणालाच होता! म्हणाला, बाई, तो भिडस्त आहे, मान अंगावर घ्यायचा नाही, काहीही कारण सांगेल. पण साबण! साबण म्हणे! जा, पाणी ठेव. तिसरी फेरी व्हायचीय."

एबेर जाऊन पाणी ठेवून आला. दुसरं काय करणार?

ऑगस्टात एकदा बाईंना एक जुनी खूण बघायची होती, म्हणून एबेर दफ्तरखान्यात उतरला. दार लोटलं तर आत ऊब होती. शेगडी मंद पेटलेली, विल्मार आरामखुर्चीत, पाय शेगडीकडं पसरलेले, खिडकीबाहेर झाडाला संत्री लगडलेली. चिमणी बोलली तरी ऐकू येईल इतकी शांतता. विल्मारनं नवा तुंबा घेतला होता.

"ये रे. बस. दमलेला दिसतोस," विल्मार म्हणाला आणि त्यानं एक भरून पुढं केलं.

एबेरनं घोट घेतला. कडू, कढत, मातीच्या वासाचं. वर फेसाची बारीकशी कड, तीही चार क्षणांत विरून जाणारी. कितीतरी आठवड्यांनी त्याला मातेची चव लागली होती आणि त्याचे डोळे पाणावले.

"साबण कुठला वापरतात तुमच्याकडं?" विल्मारनं विचारलं. "हिरव्या बाटलीतला ना?"

एबेरच्या तोंडातली नळी तशीच राहिली. "तुला... तुला कधी कळलं?"

"पहिल्या घोटाला. अरे, पहिल्या घोटाच्याही आधी. तू पाणी ओतलंस तेव्हाच मला वास आला."

"आणि तरी तू म्हणालास, वाढपी म्हणावं तर याला!"

"म्हणालो."

"रोज म्हणालास! रोज प्यायलास तू ते!"

"प्यायलो," विल्मार म्हणाला. त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती, नुसता थकवा होता. "तुला काय वाटतं, सोपं होतं? रात्री पोट धरून बसायचो मी. पण एबेर, मी तरुणपणी त्या खुर्चीवर बसलो होतो रे. बाईंच्या बहिणीचं लग्न मी ऐकलंय, घटस्फोट ऐकलाय, दुसरं लग्न ऐकलंय. माझ्यापेक्षा बरं भरणारा कुणी आल्याशिवाय त्या मला सोडणार नव्हत्या. आणि माझ्यापेक्षा बरं भरणारं या गावात कुणी नाही. मग मी काय करायचं होतं, तू सांग."

एबेरला राग यायला हवा होता. त्यानं वाट पाहिली, पण आला नाही. रागावायलासुद्धा झोप झालेली लागते. त्यानं तुंबा रिकामा करून परत दिला, विल्मारनं पुन्हा भरला आणि दोघं शेगडीकडं बघत बसले. इथं थोडं थांबायचं, एबेरनं स्वतःची समजूत घातली. जागा आज ना उद्या रिकामी होईलच. ओलेगारिओ नाही का गेला?

"विल्मार," तो म्हणाला, "तू निवृत्त कधी होणार रे?"

विल्मारनं शेगडीत एक लाकूड सारलं, एबेरच्या पिकल्या केसांकडं पाहिलं आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

"एबेर," तो म्हणाला, "मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे."